देवाच्या घराला वशिला

देवळाला देवाचं नाव असतं, गावाचं असतं, फार तर बांधणाऱ्या शेटजींचं असतं. पण कराच्या नावाचं देऊळ ऐकलंय कधी? अथेन्समध्ये आहे. कापनिकारेया! ग्रीक भाषेत ‘काप्नोस’ म्हणजे धूर. बायझंटाइन सरकार दर चुलीमागे कर घ्यायचं. ही धूरपट्टी वसूल करणाऱ्या कुणीतरी हे चर्च बांधलं, म्हणून हे नाव, असं एक मत आहे. इतरही मतं आहेत. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस, मला हेच पटतं. आम्ही बँकवाले जन्मभर वसुली करतो. आमच्या नावाची साधी पाणपोईसुद्धा कुठे नाही.

चर्च अकराव्या शतकातलं. दगड-विटांच्या भिंती, वर चिमुकला घुमट. जवळजवळ आठशे वर्षं ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग १८३४ साली अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झालं, आणि साहेब लोक नकाशा घेऊन बसले. एर्मू रस्त्याची सरळ रेघ ओढली, ती नेमकी चर्चच्या पोटातून! आता रेघ वाकवायची की चर्च पाडायचं? कुठल्याही कचेरीत याचं उत्तर एकच असतं.

पण इथे वशिला आडवा आला. गादीवर होता बव्हेरियाहून आणलेला तरुण राजा ओटो. त्याचे वडील, बव्हेरियाचे राजे पहिले लुडविग, म्हणाले, ‘राहू द्या.’ राज्य चिरंजीवांचं, शब्द तीर्थरूपांचा! चर्च वाचलं. १८६३ साली पुन्हा पाडायची टूम निघाली. तेव्हा अथेन्सचे मुख्य धर्मगुरू मधे पडले.

आज एर्मू म्हणजे कपड्याचपलांच्या दुकानांचा गजबजलेला रस्ता. नावही व्यापाराचा देव हर्मीस याचं. ऐन मध्यावर, रस्त्याच्या पातळीखाली, हे म्हातारं चर्च बसलेलं आहे. पिशव्या सांभाळत माणसं त्याला वळसा घालतात. प्रदक्षिणाच म्हणा ना!

वशिल्याला मी एरवी नावं ठेवतो. हा एक मात्र गोड वाटतो. पण घास गिळत नाही. कारण राजधानी उभारताना अशी कितीतरी जुनी चर्चं पाडली गेली. त्यांचे दगड जवळच्याच नव्या कॅथीड्रलच्या भिंतींत बसवले. तीही जुनीच होती, त्यांतही मेणबत्त्या जळत होत्या. फक्त त्यांच्यासाठी शब्द टाकायला कुणाचे वडील नव्हते.