मेलेली सोंगटी कोणी ठरवायची?

गो या खेळाचा डाव दोघांच्या संमतीने संपतो. ३६१ छेदबिंदूंच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडत जागा वेढायची, आणि आता खेळण्यात फायदा नाही असं वाटलं की ‘पास’ म्हणायचं. लागोपाठ दोन पास झाले की मुरलेले खेळाडू वेढ्यात अडकलेल्या, सुटकेची आशा नसलेल्या सोंगट्या ‘मेलेल्या’ म्हणून उचलतात आणि मोजणीला बसतात. संगणक प्रोग्रॅम एकमेकांशी खेळू लागले तेव्हा नेमकं इथेच घोडं अडलं. एक म्हणे ही सोंगटी मेली, दुसरा म्हणे जिवंत आहे.

डावाच्या अखेरीचे वाद माणसांनाही नवे नव्हते. जपानी नियम दीर्घकाळ परंपरेवरच चालले. १९४८ मध्ये गो सेइगेन आणि इवामोतो या खेळाडूंच्या डावात, शेवटची एक चाल खेळणं बंधनकारक की नाही, यावर वाद झाला आणि १९४९ मध्ये निहोन कि-इन या संस्थेने नियम लेखी केले. पण मेलेल्या सोंगट्यांची अडचण उरलीच. समजा, काळ्याच्या प्रदेशात मधोमध एकच पांढरी सोंगटी अडकली आहे. ती उचलायची तर तिच्या चारी बाजू बंद कराव्या लागतील. जपानी मोजणीत रिकाम्या घरांना गुण असतात. त्यामुळे पांढरा नुसता पास करत राहिला तर काळ्याची चार घरं बुजतात, चार गुण जातात. आपलं म्हणणं खेळून सिद्ध करायचा भुर्दंड बरोबर असणाऱ्यालाच! चिनी मोजणीत आपली सोंगटी आणि आपलं रिकामं घर दोन्ही सारखेच धरतात, म्हणून काळ्याचं काहीच जात नाही.

संगणकांचा तंटा मिटला तो या फरकामुळे. जॉन ट्रॉम्प आणि बिल टेलर यांनी चिनी पद्धतीची मोजणी धरून नियम अगदी मोजक्या वाक्यांत बसवले: दोन पास झाल्यावर पटावर जे आहे ते जिवंत, ज्या रिकाम्या जागेपासून फक्त एकाच रंगापर्यंत पोहोचता येतं, ती त्या रंगाची. सोंगटी मेली आहे असं वाटतं? मग पास करण्याआधी मारून दाखव.

केजीएस या गो सर्व्हरने संमतीने ठरवणं आणि खेळून सिद्ध करणं या दोन्ही पद्धतींचा मेळ घातला, आणि मला तो फार सुंदर वाटतो. डाव संपल्यावर दोन्ही प्रोग्रॅमना मेलेल्या सोंगट्यांची यादी मागायची. याद्या जुळल्या तर मोजणी. नाही जुळल्या तर पुन्हा खेळायला लावायचं, या वेळी ‘क्लीनअप’ची आज्ञा देऊन: मेलेलं सगळं उचलल्याशिवाय पास करायचा नाही. पंचाची गरजच उरली नाही.

२०२२ मध्ये मात्र याच ट्रॉम्प-टेलर मोजणीच्या जोरावर एका संशोधक गटाच्या प्रोग्रॅमने काटागो या बलाढ्य गो-प्रोग्रॅमला हरवलं. हल्लेखोर प्रोग्रॅमने कोपऱ्यात थोडी जागा धरली आणि काटागोच्या प्रदेशात काही सोंगट्या विखरून ठेवल्या. माणसाने त्या मेलेल्याच धरल्या असत्या. काटागोने डाव जिंकला असं समजून पास केलं, हल्लेखोरानेही केलं. सोंगट्या जिवंत ठरल्या आणि काटागोचा प्रदेश मोजणीतून गेला. अनेक गो-खेळाडूंनी याला फसवणूक म्हटलं. मला ते पटत नाही: त्या सोंगट्या उचलायला काटागोला कोणी अडवलं नव्हतं. आपली जागा पक्की झाल्याशिवाय पास करायचा नाही, अशी अट त्याला घातल्यावर ही युक्ती चालेनाशी झाली आणि संशोधकांना हल्ल्याची दुसरी वाट शोधावी लागली.