हातगुण

आपल्या मराठी माणसाचा दुसऱ्याच्या डोक्यावर फारसा विश्वास नसतो, पण हातापायांवर मात्र गाढ असतो. नवी सून घरात आली आणि महिन्याभरात सासऱ्यांना बढती मिळाली, की तो सुनेचा पायगुण. डॉक्टरच्या दोन गोळ्यांनी ताप उतरला, की तो डॉक्टरचा हातगुण. गोळीत औषध होतं, याचा उल्लेख कोणीही करत नाही. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने घासाघीस न करता पैसे टाकले, की दुकानदार त्या नोटा कपाळाला लावतो. भवानी चांगली झाली! आमच्या भिवंडीत तर यंत्रमागालाही हातगुण लागतो. नव्या मागाचं बटण अमक्याच माणसाने दाबायचं, तमक्याने त्या दिवशी कारखान्यात पाऊलही टाकायचं नाही. एवढं करून पुढे माग बंद पडलाच, तर दोष बटण दाबणाऱ्याचा नसतो, वीजवाल्यांचा असतो.

मी बँकेत क्लार्क. शिक्षण बी.कॉम. आमच्या धंद्यात श्रद्धेची अडचण नाही, पण तिचा उपयोगही नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही की सगळे देवाचं नाव घेतात, पण नोटा पुन्हा मोजतातच. नुसतं नाव घेऊन कॅश जुळल्याचं उदाहरण माझ्या नोकरीत तरी झालेलं नाही.

तर या हातगुणालाही इतिहास आहे, आणि तो भलत्याच वाटेने जातो. बास्केटबॉलच्या वाटेने. तो आमच्या शाखेत आला एका जुन्या खातेदारामुळे. त्यांना आम्ही सगळे ‘चाचा’ म्हणतो. मूळचे मुंबईच्या मदनपुऱ्यातले, विणकरांच्या घरातले. मुंबईच्या गिरण्यांची घरघर सुरू झाली, १९८२ चा संप झाला, गिरण्यांतून निघालेले जुने माग भिवंडीकडे आले, आणि त्या मागांच्या मागोमाग चाचाही आले. वय सत्तरीपार. पासबुक भरायला येतात आणि दीड तास बसतात. इतर म्हातारे गुडघ्यांविषयी बोलतात, हे बास्केटबॉलविषयी. कारण मदनपुऱ्याला लागून नागपाडा, आणि नागपाड्यात लहानपण गेलेल्या माणसाशी बास्केटबॉलवर वाद घालायचा नसतो.

आता हा खेळ जन्माला आला तोच मुळी धर्माच्या घरात. १८९१ चा डिसेंबर, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, आणि वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेची प्रशिक्षणशाळा. तिथे जेम्स नेस्मिथ नावाचे कॅनडाहून आलेले मास्तर होते. धर्मशास्त्र शिकलेले. बाहेर बर्फ, आत कोंडलेली दांडगी पोरं. त्यांना गुंतवायला मास्तरांनी नवा खेळ काढला आणि शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. (शिपायाकडे एक मागावं आणि दुसरंच मिळावं, हा नियम केवळ भारतीय बँकांचा नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.) मास्तरांनी त्याच टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. टोपल्यांना बूड होतं. म्हणजे चेंडू आत पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो काढायचा. पहिल्या सामन्यात हा त्रास एकदाच पडला. सामना १-० असा संपला.

तिथून हा खेळ वायएमसीएच्या बोटीत बसून जगभर गेला. नागपाड्याची गंमत अशी, की तिथे अमेरिकन मराठी मिशनने ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभं केलं. प्रमुख होते डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट. पुढे १९३६ साली याच वास्तूत टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली, जी आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच वस्तीतल्या मस्तान तलावाच्या मैदानावर मोहल्ल्यातली मुसलमान पोरं पाद्रीबाण्याच्या मास्तरांचा हा खेळ असा खेळू लागली, की नागपाडा म्हणजे बास्केटबॉल हे समीकरणच झालं. इथलेच अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचं नाव निघालं की चाचा खुर्चीत सरळ बसतात. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं नाव काढलं की पुन्हा वाकतात. भारत बास्केटबॉलमध्ये ऑलिंपिकला गेला तो तेवढा एकदाच, आणि सातच्या सात सामने हरला.

चाचांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. “जिसका हाथ गरम, बॉल उसको दो.” म्हणजे एखाद्याने लागोपाठ तीन बास्केट टाकले की त्याचा हात तापला. आता चौथा जाणारच. मग बाकीच्यांनी शहाणपण न करता चेंडू त्याच्या हातात द्यावा आणि बघत राहावं.

हे ऐकून एक दिवस आमच्या साहेबांनी चष्मा काढला. साहेब एम.एस्सी. आहेत, स्टॅटिस्टिक्स घेऊन. असा माणूस बँकेत काय करतो, हे आम्हालाही कळलेलं नाही. ते म्हणाले, “चाचा, हे तर केव्हाच खोटं ठरलंय. १९८५ साली.”

ठरवणारे तिघे होते. टॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्व्हर्स्की. तिघेही मानसशास्त्राचे. त्यांनी आधी बास्केटबॉलच्या शंभर शौकिनांना विचारलं, की दोन-तीन बास्केट टाकलेल्या खेळाडूचा पुढचा नेम लागायची शक्यता वाढते का? ९१ जण ‘हो’ म्हणाले. शंभरातल्या ९१ जणांचं एकमत! आमच्या युनियनच्या सभेत चहा हवा की नको यावरही एवढं एकमत होत नाही. मग या तिघांनी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाचे आकडे काढले. सलग तीन नेम लागल्यावर चौथा लागण्याचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. सलग तीन चुकल्यावर? ५६ टक्के! शिवाय कॉर्नेल विद्यापीठाच्या २६ खेळाडूंना मुद्दाम चेंडू टाकायला लावले, तिथेही तापलेला हात सापडला नाही. निकाल : हात तापत नाही, बघणाऱ्याचं डोकं तापतं. बॉस्टन सेल्टिक्सचे बुजुर्ग रेड ऑरबाक यांनी हा अभ्यास साफ उडवून लावला. चाचांनीही उडवला, पण आधी चहा संपवला.

वास्तविक शौकीन आणि खेळाडू हे भक्तच असतात. मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू शिकागोच्या संघाच्या कपड्यांखाली आपल्या कॉलेजची जुनी चड्डी घालून उतरायचा. आपल्याकडे तर क्रिकेटची मॅच चालू असताना ज्या जागी बसलं असता चौकार गेला, त्या जागेवरून माणूस हलत नाही, मग घरात कुकरच्या सात शिट्ट्या होवोत. पण जॉर्डनची चड्डी एक गोष्ट आणि तापलेला हात दुसरी. चड्डी म्हणजे निव्वळ श्रद्धा. हात म्हणजे पाहिलेलं, पुन्हा पुन्हा पाहिलेलं. आणि पाहिलेलं खोटं आहे असं सांगितलं, की माणसाला ते फार लागतं. चाचांना लागलं.

त्यांच्या मदतीला धावले आमचे कॅशियर. त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण ते मनगट दाखवून पत्रिका मांडतात. म्हणजे मनगटावर चार गंडे आहेत आणि पत्रिका ड्रॉवरमध्ये आहेत. ते म्हणाले, “साहेब, सगळं काही आकड्यांत मावत नाही.”

साहेब म्हणाले, “पत्रिका मावतात. मावून झाल्यात. आपल्या पुण्यात.”

हे मात्र मला नवीन होतं. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ही चाचणी घेतली. पत्रिका दोनशे. त्यांतल्या शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना आवाहन केलं : चाळीस पत्रिका देतो, कोणती कोणत्या मुलाची एवढंच सांगा. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या. उत्तरं पाठवली २७ जणांनी. (उरलेल्या २४ जणांना पुढचं दिसलं असावं.) बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

“४६?” कॅशियर एकदम ताठ झाले. “तिकडे बास्केटबॉलमध्येही ४६ च होते ना?” आणि दोन्हीकडे तोच आकडा यावा यात त्यांना इतका स्पष्ट संकेत दिसला, की साहेबांनी कपाळाला हात लावला.

दाभोलकरांचं नाव निघाल्यावर मात्र काउंटरवर जरा शांतता झाली. हा साताऱ्याचा डॉक्टर स्वतः पक्का खेळाडू होता. कबड्डीतला. भारताकडून बांगलादेशाविरुद्ध खेळलेला, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेला. म्हणजे मैदान, गर्दी, आरोळ्या, तापलेला हात, हे सगळं त्यांनी आतून पाहिलं होतं. तेच पुढे १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढून गावोगाव फिरले. देवधर्माला आमचा विरोध नाही, देवाच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीला आहे, हे त्यांनी किती सभांत सांगितलं असेल, कोण जाणे. त्यांचं मागणं तसं आमच्या खात्यातलंच होतं : चमत्कार करता ना, मग आमच्यासमोर करा, आम्ही मोजतो. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या या माणसाला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. कित्येक वर्षं अडकून पडलेला जादूटोणाविरोधी कायदा मग काही दिवसांत वटहुकूम होऊन आला, आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूरही केला. २०२४ साली न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. कबड्डीत चढाईला गेलेला गडी समोरच्याला शिवून परत आपल्या रेघेवर आला, तर गुण मिळतो. इथे गुण मिळाला, गडी आला नाही.

हे लिहिताना विनोद सुचत नाही, आणि सुचूही नये.

पण तापलेल्या हाताची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तिचा पुढचा भाग साहेबांनीच सांगितला, हे त्यांना शोभलं. २०१८ साली जोशुआ मिलर आणि ॲडम सानहुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की १९८५ च्या हिशेबातच खोट होती. खोट अशी बारीक, की तेहतीस वर्षं भल्याभल्यांच्या नजरेतून सुटली. आमच्यासारख्याला ती नाण्यावर कळते. नाणं तीनदा उडवा. छापा पडला की त्याच्या पुढे काय पडलं, तेवढंच लिहा. तीन उड्यांचे एकूण प्रकार आठ. त्यांतल्या दोन प्रकारांत पहिल्या दोन उड्यांना छापाच नसतो, ते बाद. उरले सहा. आता प्रत्येकात छाप्यानंतर छापा किती वेळा आला, त्याचं प्रमाण काढा. दोन प्रकारांत पूर्ण, एकात अर्धं, तिघांत शून्य. बेरीज अडीच, भागिले सहा. सुमारे ४२ टक्के! नाणं अगदी सोवळं आहे, तरीही ५० येत नाहीत. थोडक्यात, छोट्या छोट्या मालिकांची अशी सरासरी काढली की हिशेब आपोआप खाली बसतो. म्हणजे या पद्धतीने जो खेळाडू ५० वर दिसतो, तो खरा तापलेला असतो. ही दुरुस्ती करून कॉर्नेलच्या खेळाडूंचे आकडे पुन्हा मांडले, तर तापलेला हात त्यांत निघाला! शौकिनांना वाटतो तेवढा कढत नाही, पण कोमट खास. वाद अजून चालू आहे, पण चालू आहे तो कागद-पेन्सिलीने. जुन्यांचे आकडे नव्यांना उघडे मिळाले, नव्यांनी चूक दाखवली, ती छापून आली, आणि त्यासाठी कोणाला पुलावर गाठावं लागलं नाही.

कॅशियरांना अर्थातच मोठा विजय झाल्यासारखं वाटलं. “म्हणजे पत्रिकाही पुढेमागे खऱ्या निघतील.” साहेब म्हणाले, “निघोत की. तुमच्या ड्रॉवरमधल्या किती खऱ्या ठरल्या, किती खोट्या, ती वही द्या, मी बसतो मांडायला.” वही नव्हती. ज्या खऱ्या ठरल्या त्या तोंडपाठ होत्या.

चाचा मात्र फारसे खूश झाले नाहीत. त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत झालेले एनबीएचे सामने नातवाच्या मोबाइलवर पाहिले होते. वरळीला इंडियाना विरुद्ध सॅक्रामेंटो, आणि सॅक्रामेंटोचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. त्यातही कोणाचा हात कधी तापला आणि मूर्खांनी बॉल दुसऱ्यालाच कसा दिला, हे ते आम्हाला साग्रसंगीत सांगत असत. ते म्हणाले, “साब, उनको तैंतीस बरस लगे? हमको तो पाँच मिनट में दिखता था.”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “पण चाचा, हात तापला असं तुम्हाला वाटलं आणि चौथा बॉल बाहेर गेला, असं किती वेळा झालं?”

चाचांनी जरा विचार केला. “वो कौन गिनता है, साब?”

शेजारी कॅशियर चाचांच्याच नोटा मोजत होते. मशीनमधून एकदा मोजून झाल्या होत्या, आता बोट ओलं करून पुन्हा हाताने चाललं होतं. एक पाचशेची फाटकी निघाली. ती बदलून द्यायची की नाही, यावर मग त्या दोघांचा जो वाद जुंपला, त्यात साहेबांना आणि मला कोणी काही विचारलं नाही.