झोताची कड

२९ मार्च २००३, शनिवार. संध्याकाळचे पाच वाजून सात मिनिटं झालीत. तुम्ही रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर आहात. समुद्रावरून येणारं ऊन डोळ्यांवर आहे. पाठीमागे, सह्याद्रीच्या अंगाला, सिंह रास नुकतीच वर आली आहे. तिथून गॅमा किरणांचा लोंढा येतो, अर्धं मिनिट टिकतो. वातावरण तो वरच्या वर शोषून घेतं. त्याची नोंद होते ती हेटे-२ या उपग्रहावर.

आता जवळपास दोनशे कोटी वर्षं मागे, त्या लोंढ्याच्या उगमाशी या. सह्याद्री अजून घडलेला नाही. एका प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळलाय आणि ताऱ्याला भेदून निघालेल्या झोताच्या टोकाशी तुम्ही आहात. वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के धरू. तुमचा उजेड तुमच्यापुढे जेमतेम सटकतो. म्हणून ताऱ्याजवळच्या घड्याळाने चाळीस दिवस धावलात, तरी त्या अख्ख्या धावेचा प्रकाश रत्नागिरीत साडेतीन मिनिटांच्या आत येऊन संपतो.

वाटेतला विरळ वायू झोत गोळा करत जातो आणि त्या ओझ्याने मंदावतो. वेग असतो तोवर प्रकाश नाकासमोरच फेकला जातो, पृथ्वीला झोताचा मधला ठिपका तेवढा दिसतो. वेग उतरला की प्रकाश फाकतो आणि झोताची कड नजरेत येते. कडेपलीकडे काहीच नाही, त्यामुळे चमक झपाट्याने ओसरू लागते. हे वळण आलं ३० मार्चला, रत्नागिरीत उजाडत असताना. त्यावरून झोत अवघा काही अंश रुंद असल्याचं कळलं. एवढ्या अंतरावरच्या वस्तूची रुंदी नुसत्या मावळत्या उजेडावरून काढता यावी, याचं मला फार अप्रूप आहे.

मंदावलेला झोत भाट्याला काजळी नदी पसरते तसा भराभर फाकेल, असं सुरुवातीची गणितं सांगत. संगणकावर वायूच्या प्रवाहाची समीकरणं सोडवली तेव्हा झोत बराच काळ आपली दिशा धरून राहिलेला दिसला. ऊर्जेचा हिशेब रुंदीवरूनच होतो, त्यामुळे रुंदी चुकली की स्फोटाची ऊर्जाही चुकते.

स्फोटानंतर साधारण ८० दिवसांनी झोताची प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाची घोडदौड संपते. थेट २००६ मध्ये या, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण तीच चमक अजून रेडिओ लहरींत टिपते आहे. नेदरलँड्समधली वेस्टरबोर्कची दुर्बीणही जोडीला आहे. प्रकाश आता सगळीकडे फेकला जातो, त्यामुळे रुंदीची अडचण उरत नाही आणि ऊर्जेचा हिशेब लागतो: सूर्य आपल्या उभ्या आयुष्यात ओतेल, साधारण तेवढी.