घरी जुळविलेल्या मोटारी आणि त्यांच्या विजेच्या तारा

मोटारगाडी ही कारखान्यातच तयार व्हावयाची वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडमधील हजारो गृहस्थांनी मात्र आपली गाडी घरामागच्या छपरीत स्वतःच्या हातांनी उभी केली. त्यामागे हौस होती; पण हौसेला बळ दिले ते एका कराने. १९४० साली तेथे खरेदीकर सुरू झाला. तो तयार गाडीवर बसे, सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही दोन आसनांची हलकी गाडी बाजारात आणली. करासह तिची किंमत १,०३६ पौंड होती. तीच गाडी सुट्या भागांच्या रूपात घेतली, तर ५३६ पौंडांत मिळे. एवढी बचत होत असेल तर संसारी मनुष्य पाना-पक्कड हाती घेईल, यात नवल नाही.

संचाबरोबर जुळणीच्या सूचना देण्यास कराच्या नियमांची आडकाठी होती. म्हणून चॅपमन यांनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या, अशी हकीकत सांगतात. नियमाचे शब्द पाळून त्याचा हेतू टाळण्याचे हे कौशल्य कोणत्याही सचिवालयात कौतुकाने ऐकले जाईल.

जुळणीच्या या कामात चाके, इंजिन किंवा सुकाणू यांची तितकीशी धास्ती नसे. हे भाग भलत्या जागी बसतच नाहीत. विजेच्या तारांचे तसे नाही. तार कशीही ओढून नेली, तरी दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि गाडी फाटकाबाहेर पडते. दोष पुढे केव्हा तरी, बहुधा रात्री आणि पावसात, प्रकट होतो.

कारखान्यात हे काम मोठ्या फळीवर होई. फळीवर खुंट्या ठोकलेल्या असत. त्यांच्यामधून मापाने तोडलेल्या तारा ओवून, एकत्र बांधून, गाडीच्या आकाराची एक सबंध जुडी तयार करीत. तिला तिकडे ‘लूम’ म्हणतात. हातमागालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि त्या काळी या जुडीवर सुताचे विणीव वेष्टणच असे. प्रत्येक तारेचा रंग ठरलेला होता. बॅटरीकडून येणारी तपकिरी, जमिनीची काळी, बाजूच्या दिव्यांची तांबडी, पुढच्या मोठ्या दिव्यांची निळी. घरी काम करणाऱ्याजवळ ना ती फळी, ना इतक्या रंगांच्या तारा. पुष्कळांनी हाताशी असलेली एकाच रंगाची तार सर्वत्र वापरली. बांधणाऱ्याच्या ध्यानात सर्व काही असे. दहा वर्षांनी गाडी विकत घेणाऱ्यावर मात्र एकेक तार हाताने चाचपीत जाण्याची पाळी येई.

खरा धोका त्या तपकिरी तारेत होता. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत फ्यूज अवघे दोन असत, आणि बॅटरीकडून निघणारी मुख्य तार त्यांच्या आधीच्या टप्प्यातली. म्हणजे तिला कोणाचेच संरक्षण नसे. पत्र्याच्या भोकातून ती उघडीच ओवली, की इंजिनाच्या थरथरीने तिचे वेष्टण हळूहळू झिजते. तांबे लोखंडाला टेकले, तर बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. तार लाल होते आणि शेजारच्या तारांना पेटविते. भोकात बसविलेले दोन पैशांचे रबरी कडे हे टाळते. तितकेच महत्त्व तार धुराड्यापासून दूर ठेवण्याला आणि इंजिन जेथे हलते तेथे तिला थोडी सैल सोडण्याला आहे.

काचतंतूच्या सांगाड्यांनी आणखी एक कोडे घातले. लोखंडी गाडीत दिव्यापर्यंत एकच तार जाते. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्रा. काचतंतूतून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार हवी, आणि ती नीट आवळलेली हवी. ती सैल झाली, तर प्रवाह दुसऱ्याच दिव्यातून वाट काढतो, आणि वळण्याची खूण करावी तर बाजूचा दिवा मिणमिणू लागतो!

तारा बांधण्याची जुनी रीत मेण लावलेल्या दोरीने गाठी मारीत जाण्याची होती. टेलिफोन केंद्रांत आणि विमानांत हेच चाले. सरकारी फाइलींची फीत बांधणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटेल, पण तेथे बोटे कापत नाहीत. १९५६ साली मॉरस लोगन हे थॉमस अँड बेट्स या अमेरिकन कंपनीचे गृहस्थ बोइंगचा विमानांचा कारखाना पाहावयास गेले. तेथील कामगारांचे घट्टे पडलेले हात पाहून त्यांना जी कल्पना सुचली, तिच्या पेटंटसाठी १९५८ साली अर्ज झाला. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, एकदा ओढली की मागे न सरकणारी प्लॅस्टिकची पट्टी ती हीच. विमानासाठी निघालेली ही युक्ती घरच्या मोटारकारागिराला वरदान ठरली. तिचा एक दुर्गुणही मला दिसतो: ती इतकी सोपी आहे, की तार कोठून न्यावी याचा विचार करण्याआधीच माणूस ती आवळून मोकळा होतो.

१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदीकराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि संचाची करसवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’ बनविण्याचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याने घेतले. घरी गाड्या जुळविणे मात्र थांबले नाही. १९९८ पासून अशा प्रत्येक गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी होऊ लागली. २००९ साली त्या तपासणीला अधिक कडक रूप मिळाले. जुळणीच्या सूचना ज्या राज्यव्यवस्थेला एके काळी नको होत्या, तिचाच निरीक्षक आता दिवा घेऊन गाडीखाली वाकतो आणि सुरक्षित पोकळ नळीतून न नेलेली तार निदान दर ३०० मिलिमीटरला बांधली आहे की नाही, ते पाहतो.