चेक-इन
आपण कुठे आहोत हे स्थानाधारित समाजमाध्यमावर स्वतःहून नोंदवून परिचितांना कळवण्याची क्रिया.

न्यूयॉर्कच्या डॉजबॉल सेवेत ही नोंद एसएमएसने होई. गूगलने ती २००५ मध्ये घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्याच वर्षी डेनिस क्राउली व नवीन सेल्वादुराई यांनी फोरस्क्वेअर आणले. तेथे फोनच जवळपासच्या जागांची यादी दाखवी (पहा : जीपीएस). एखाद्या जागी सर्वाधिक हजेरी लावणारा तिथला ‘मेयर’ ठरे.

२०१० मध्ये ‘प्लीज रॉब मी’ या संकेतस्थळाने ट्विटरवरील जाहीर नोंदी एकत्र मांडल्या. घर रिकामे असल्याची वर्दी अनोळखी माणसालाही मिळते, हे त्यातून उघड झाले. त्यामुळे नोंद कोणाला व किती वेळ दिसावी, हा प्रश्न कळीचा ठरला.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ मध्ये आणलेले थेट स्थान १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांनी आपोआप थांबते (पहा : खासगीपणा).