मुक्तस्रोत संकलकांची देखभाल : पुण्यातील एका प्रयत्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नागपूरच्या सदर भागातील शासकीय तंत्रनिकेतनाची परंपरा १९१४ पर्यंत मागे जाते. राज्यातील अशा संस्थांच्या पदविका अभ्यासक्रमांत इंटेलने १९८० मध्ये आणलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर दीर्घकाळ शिकविला गेला. विद्यार्थी सी भाषेत आज्ञावली लिहितो आणि ती यंत्रभाषेत उतरविण्याचे काम संकलक, म्हणजेच कंपायलर, करतो. त्याच्या जोडीला असेम्ब्लर, लिंकर व डीबगर लागतात. या सर्वांचा मिळून साधनसंच होतो. ८०५१ साठी प्रचलित असलेल्या केइल या व्यावसायिक साधनसंचाच्या विनामूल्य आवृत्तीस २ किलोबाइटची मर्यादा आहे. प्रयोगवहीतील दिवे लुकलुकविण्यास ती पुरते, प्रकल्पास पुरेलच असे नाही. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला एसडीसीसी हा मुक्तस्रोत संकलक असे बंधन घालत नाही. मात्र विनामूल्य मिळणाऱ्या या साधनांची देखभाल कोण करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातीलच एका उदाहरणाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पुण्यातील प्रयत्न

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ मध्ये त्यातील जीसीसी हा संकलक प्रसिद्ध झाला. भाषा समजून घेणारा भाग आणि विशिष्ट चिपची यंत्रभाषा निर्माण करणारा भाग त्यात वेगळे ठेवलेले असल्यामुळे नव्या चिपसाठी केवळ दुसरा भाग लिहावा लागतो.

रवी पंडित व किशोर पाटील यांनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन केलेली केपीआयटी ही कंपनी २००२ मधील विलीनीकरणानंतर केपीआयटी कमिन्स म्हणून ओळखली जाऊ लागली. हिताचीच्या एसएच व एच८ या चिपकुलांसाठी या कंपनीने जीएनयू साधनसंच तयार ठेवला. ही चिपकुले २००३ मध्ये रेनेसासकडे गेल्यानंतरही ते काम चालू राहिले. जीसीसीची मूळ आज्ञावली कोणासही घेता येते. पण ती आपल्या संगणकावर स्वतः बांधणे हे सामान्य अभियंत्यास जिकिरीचे असते. कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्यास बांधून तयार असलेला संच विनामूल्य मिळे आणि शंकांची उत्तरेही मिळत. पुढे रेनेसासच्या चिपसाठीचे हे काम सायबरथॉर स्टुडिओज या संस्थेकडे गेले.

याच कंपनीने नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या १६ बिटांच्या चिपसाठी जीसीसीचा भाग लिहिला. तो २०१२ च्या सुमारास मूळ प्रकल्पात समाविष्ट झाला आणि त्याच्या फाइलींच्या शिरोभागी पुण्याच्या या कंपनीचे नाव नोंदविले गेले. येथे काळाचा एक विचित्र योग दिसतो. नॅशनल सेमीकंडक्टर ही कंपनीच २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली होती. ज्याला या संकलकाची गरज होती तो आश्रयदाताच उरला नव्हता.

दोन चिप, दोन परिणाम

दोन संख्यांच्या तुलनेचा निकाल नोंदविण्याची जीसीसीमधील एक जुनी अंतर्गत पद्धत काढून टाकण्याचा निर्णय प्रकल्पाच्या विकासकांनी घेतला. तिच्यावर विसंबलेल्या चिपमध्ये एच८, सीआर१६ आणि आर्डुइनोच्या आरंभीच्या बोर्डांवरील एव्हीआर यांचा समावेश होता. ज्या चिपचा भाग नव्या पद्धतीने लिहिला जाणार नाही तो वगळला जाणार होता. एव्हीआरचा वापर मोठा असल्याने त्या कामासाठी बक्षिसाची रक्कम उभी राहिली व काम पूर्ण झाले. एच८ तर जुनीच चिप होती. तरीही जेफ लॉ या अनुभवी विकासकाने २०२० मध्ये तिचे रूपांतर केले. सीआर१६ साठी कोणीही पुढे आले नाही. २०२१ च्या जीसीसी ११ मध्ये ती कालबाह्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये तिचा भाग राहिला नाही.

ही घटना केवळ चिप जुनी झाल्याने घडली, असे म्हणणे एच८ च्या उदाहरणापुढे टिकत नाही. मुक्त परवाना आज्ञावली वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार देतो. तो वापरणारा मनुष्य मात्र देत नाही. असे मनुष्यबळ घडविण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखालील जीसीसी संसाधन केंद्राने या संकलकाची अंतर्गत रचना शिकविणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. सीआर१६ चा भाग आजही जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांत जसाच्या तसा उपलब्ध असून, तो उतरवून घेण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.