मलायाच्या अरण्यातील चिलखती गाड्या

चिलखती गाडी ही मोकळ्या मैदानाची आणि निबिड अरण्य हे पायी चालणाऱ्याचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बव्हंशी खरीही आहे. आफ्रिकेच्या वाळवंटात ज्या गाड्यांनी शेकडो मैलांच्या दौडी मारल्या, त्यांना मलायाच्या रानात दहा पावलेही आत शिरता येत नव्हते. तरीसुद्धा १९४८ ते १९६० या बारा वर्षांत ब्रिटिशांनी मलायात कम्युनिस्ट बंडखोरांशी जो झगडा केला, त्यात एकामागून एक चिलखती पलटणी तेथे आणून ठेवल्या. जेथे गाडी शिरतच नाही तेथे तिचे प्रयोजन काय?

याचे उत्तर मलायाच्या भूगोलात आहे. त्या काळी द्वीपकल्पाचा सुमारे चार पंचमांश भाग जंगलाने व्यापलेला होता. उरलेल्या पट्ट्यात रबराचे मळे, कथिलाच्या खाणी आणि त्यांना जोडणारे रस्ते. १६ जून १९४८ रोजी पेराक राज्यातील सुंगाई सिपुटच्या परिसरात तीन युरोपियन मळेवाल्यांना बंडखोरांनी गोळ्या घातल्या आणि दोन दिवसांत सबंध देशात आणीबाणी पुकारली गेली. बंडखोरांचा पुढारी चिन पेंग. जपान्यांविरुद्ध लढला म्हणून याच माणसाला ब्रिटिशांनी सन्मानपदक दिले होते! त्याचे लोक राहत जंगलात. पण तांदूळ, औषधे, पैसा आणि बातमी ही सारी बाहेरून यायची. सरकारची फौज बाहेर आणि तिला शिकार करायची आत. या दोघांची गाठ हमखास पडे ती एकाच ठिकाणी, म्हणजे रस्त्यावर.

घाटातील रस्ता वळणावर येतो, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. लॉरीचा वेग बैलगाडीइतका होतो. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची कशी कोंडी झाली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की ब्रेनगनच्या माऱ्यापुढे उघड्या लॉरीतील शिपायांना शरण जाण्याइतकीही उसंत मिळत नसे. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे वाचले ते वाचले. त्या अर्ध्या मिनिटापुरते पोलादाचे कवच अंगावर असणे, हीच चिलखती गाडीची खरी किंमत होती. मळेवाल्यांनी हे आधी ओळखले. मजुरांचा पगार घेऊन मळ्यावर जाण्याचा दिवस सर्वांत धोक्याचा. म्हणून त्यांनी आपल्या साध्या मोटारींनाच पोलादी पत्रे ठोकून घेतले.

सैन्याकडे प्रथम आल्या त्या महायुद्धातील शिल्लक गाड्या. चौथी हुसार पलटण १९४८ सालीच येथे उतरली. तरुण चर्चिल जिच्यातून बंगळूरच्या छावणीत आला, तीच ही पलटण. डेम्लर चिलखती गाडीत मागील बाजूसही एक सुकाणू असे आणि ती पुढे जितक्या वेगाने पळे, जवळजवळ तितक्याच वेगाने मागे. अरुंद रानवाटेवर, जेथे गाडी वळवायला जागा नाही, तेथे या सोयीचे मोल काय असेल ते ड्रायव्हरलाच विचारावे. पण डेम्लरमध्ये माणसे तीनच. पायदळाची तुकडी वाहून नेण्यासाठी जुन्या मालमोटारींना चिलखत चढवून वेळ मारून नेण्यात आली, आणि १९५२ च्या अखेरीपासून सॅरसेन नावाची सहाचाकी गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. मलायाची निकड होती म्हणूनच तिला अग्रक्रम मिळाला. वजन सुमारे दहा टन. पोटात दहाएक शिपाई. मागे दारे, वर मशीनगनचा मनोरा. विषुववृत्ताच्या उन्हात त्या पोलादी पेटीत बसणे म्हणजे भट्टीत बसणे होते, हे वेगळे सांगायला नको.

या गाड्यांनी फार बंडखोर मारले असे नाही. त्यांचे काम निराळे होते. १९५० साली लेफ्टनंट जनरल ब्रिग्ज यांनी आखलेल्या योजनेनुसार जंगलाच्या कडेला राहणाऱ्या चार ते पाच लाख लोकांना, विशेषतः चिनी शेतकऱ्यांना, उठवून तारेच्या कुंपणातील ‘नव्या गावां’त नेऊन बसवले. बंडखोरांचा तांदूळ तोडायचा, हा हेतू. त्यात निरपराध कुटुंबांची ससेहोलपट झाली, हे विसरून चालणार नाही. अन्नाच्या लॉऱ्या ठरल्या रस्त्याने, पहाऱ्यातच जात. त्यांच्या पुढेमागे चिलखती गाडी असे. हीच गाडी पायदळाच्या तुकडीला जंगलाच्या कडेपर्यंत जिवंत पोचवी. पुढे तासाला जेमतेम मैलभर कापत, जळवा झटकत चालायचे ते शिपायानेच.

गाडी सोबत असली म्हणजे माणूस वाचतोच, असेही नाही. ६ ऑक्टोबर १९५१ रोजी उच्चायुक्त सर हेन्री गर्नी पत्नीसह फ्रेझर्स हिलला निघाले. स्वारी रोल्स-रॉइसमधून. ताफ्यात पोलिसांची उघडी लँड रोव्हर होती आणि चिलखती स्काउट गाडीही होती. बिनतारी संदेशाची गाडी वाटेत बिघडली. वळणावर गोळीबार सुरू होताच गर्नी मोटारीचे दार उघडून बाहेर पडले, रस्त्याच्या कडेकडे चालू लागले आणि कोसळले. मारा आपल्यावर ओढून घ्यावा म्हणून त्यांनी तसे केले, असे मानतात. पत्नी आणि सचिव गाडीच्या तळाशी पडून राहिले व वाचले. चिन पेंग यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले, की उच्चायुक्त येणार याची त्या टोळीला कल्पनाच नव्हती. चिलखत ताफ्यात होते. ज्याला हवे त्याच्याभोवती नव्हते.

मलायातील गाड्यांचे यश एका गोष्टीवर उभे होते, आणि तिचा उल्लेख सहसा होत नाही. बंडखोरांजवळ चिलखत भेदणारी शस्त्रे व भूसुरुंग फारसे नव्हते. व्हिएतनाममध्ये चित्र पालटले. २ जानेवारी १९६३ रोजी अप बाकच्या भातखाचरांत अमेरिकी बनावटीच्या एम-११३ गाड्या उतरल्या. मशीनगन चालवणारा कमरेपासून वर उघडा. त्या एका दिवसात असे १४ जण पडले. मग बुडालेल्या जहाजांचे पत्रे कापून गनभोवती ढाली बसवल्या. १९६७ च्या अमेरिकी पाहणीत असे आढळले, की या गाड्या त्या देशाच्या सुमारे ६५ टक्के भूमीवर बारमाही फिरू शकतात. सेनापतींचा अंदाज याहून पुष्कळ कमी होता. पण भूसुरुंगांच्या धास्तीने शिपाई गाडीच्या पोटात बसेनासे झाले. ते टपावर बसू लागले. गोळी लागली तर एकाला लागेल, सुरुंग फुटला तर आतले सारेच जातील, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब आपल्याकडील दंडकारण्यातही मांडला गेला. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्तारामजवळ सुरुंगरोधक म्हणून बनवलेली गाडीच स्फोटात उडाली आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ९ जवान मरण पावले. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस व चालक गेले. ते साध्या खाजगी वाहनात होते. एका ठिकाणी पोलाद होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते; रस्ता मात्र दोन्हीकडे आधीच खणून ठेवलेला. त्या रानात वाहन टाळून, रस्ता सोडून पायी जावे, असा दंडक तुकड्यांना घालून दिलेला होता. मलायाच्या शिपायाने गाडीतून जंगलाच्या कडेपर्यंत जायचे आणि तेथून चालायचे. येथे ती कड छावणीच्या दारापर्यंत आली होती.